विचारणाऱ्याचे ऋण

महाभारताच्या आदिपर्वातील अणीमांडव्याची कथा आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. मौनव्रत धारण करून तप करीत असलेल्या या ऋषीच्या आश्रमात काही चोर चोरीच्या मालासह येऊन लपले. पाठलाग करीत आलेल्या राजाच्या शिपायांनी ऋषीस विचारले, चोर कोणत्या वाटेने गेले? ऋषी बोलले नाहीत. शिपायांनी आश्रम धुंडाळला, चोर सापडले, माल सापडला, आणि न बोलणारा ऋषीही त्यांचाच साथीदार ठरून सुळावर चढविला गेला. तपोबलाने तो जिवंत राहिला. पुढे त्याने साक्षात यमधर्माला गाठून आपला अपराध विचारला, तेव्हा धर्माने सांगितले की लहानपणी तू एका कीटकाच्या अंगात गवताची काडी खुपसली होतीस, त्याचे हे फळ. मांडव्य संतापला. अजाण वयातील अल्प अपराधाला इतका घोर दंड देणाऱ्या धर्मालाच त्याने शाप दिला आणि मनुष्यजन्म घ्यावयास लावले. तो जन्म म्हणजे विदुराचा. त्याच वेळी मांडव्याने मर्यादाही घालून दिली: चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पातक मुलाला लागणार नाही.

या कथेचा उत्तरार्ध सांगण्याची आपल्या कीर्तनकारांना हौस असते, आणि ते योग्यच आहे. मुलाला मोठ्याच्या मापाने दंड देऊ लागला तर धर्मसुद्धा शापाला पात्र होतो, हे सांगणारी परंपरा आपली आहे याचा अभिमान वाटावा असाच तो भाग आहे. परंतु आज आम्हांला वाचकांचे लक्ष कथेच्या पूर्वार्धाकडे वेधावयाचे आहे. शिपायांनी प्रश्न विचारला होता. पण तो कोणासाठी विचारला होता? त्यांना चोर हवे होते. समोर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे, तो का बोलत नाही, हे जाणण्याची त्यांना गरज नव्हती. म्हणून त्याच्या मौनाचा त्यांनी एकच अर्थ केला, आणि तो अर्थ सुळापर्यंत गेला.

आजच्या काळी ज्या मुलांवर अपराधाचा आरोप येतो, त्यांच्यासाठी आपल्या देशात वेगळा कायदा आहे. मुलांची काळजी व संरक्षण यांविषयीचा बाल न्याय अधिनियम २०१५ साली मंजूर झाला आणि १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. अठरा वर्षांखालील मुलाला तो गुन्हेगार म्हणत नाही. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असे जड पण सद्हेतूचे नाव त्याने योजिले आहे. असे मूल बाल न्याय मंडळापुढे उभे राहते. त्या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत एक तरी स्त्री असावी लागते. चौकशी चालू असताना मुलाला ज्या जागी ठेवतात तिला 'निरीक्षणगृह' म्हणतात; लोकांच्या तोंडी मात्र जुने 'रिमांड होम' हेच नाव आहे. निरीक्षण या शब्दाचा अर्थ नीट पाहणे. प्रश्न असा की, या गृहात मुलाचे नेमके काय पाहावयाचे? त्याच्या मनाची तपासणी करावयाची काय? आणि करावयाची असेल, तर कोणत्या अधिकाराने?

प्रथम ही तपासणी म्हणजे काय, हे सांगणे अवश्य आहे. रोगाचे निदान करणे निराळे आणि प्राथमिक तपासणी निराळी. धान्य चाळणीतून काढावे तशी ही रीत असते. दार लागल्यापासून पहिल्या दिवसा-दोन दिवसांत प्रत्येक मुलाला काही ठराविक साधे प्रश्न विचारावयाचे. झोप लागते काय? जेवण जाते काय? आपण नसतो तर बरे झाले असते, असे मनात येते काय? नशेच्या पदार्थाची सवय होती आणि ती तुटल्याने अंग थरथरते काय? कोणी मारल्याचे, छळल्याचे दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते काय? उत्तरांवरून एवढेच ठरते की, कोणत्या मुलाला आजच जाणत्या वैद्याकडे न्यावयास हवे आणि कोणाला रात्री एकटे ठेवता कामा नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात थॉमस ग्रिसो आणि रिचर्ड बार्नम या दोघांनी अशी बावन्न प्रश्नांची यादी तयार केली. बारा ते सतरा वर्षांच्या मुलाने केवळ 'होय' किंवा 'नाही' म्हणावयाचे. पाव तासात काम होते. तिचा प्रसार पुढे पुष्कळ झाला. या प्रश्नांची निकड किती आहे, हे शिकागो येथील एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. लिंडा टेप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील स्थानबद्ध १,८२९ मुलामुलींना तपासून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांपैकी सुमारे दोनतृतीयांश आणि मुलींपैकी सुमारे तीनचतुर्थांश कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने पीडित आढळल्या. शिकागोची गणिते जशीच्या तशी माळव्याला किंवा गोव्याला लावणे शहाणपणाचे नव्हे. परंतु बंद दारामागे मनाचा विकार हा अपवाद नसतो, एवढे यावरून मानावयास हरकत नाही.

आपल्याकडेही हा विचार अगदी नवा आहे असे नाही. अपराधी मुलांसाठी मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ साली सुरू झाली. मुंबई इलाख्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली केला. समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या टाटांच्या संस्थेने १९३७ साली मुंबईतच बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले; मुलाचे वर्तन बिघडले तर छडी शोधण्याआधी कारण शोधावे, हा त्यामागील विचार होता. पुढे पत्रकार शीला बारसे यांनी मोठ्यांच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ साली न्यायालयाने मुलांची जागा तुरुंगात नाही असे बजावले. आजचा कायदा तर बालगृहांतून मानसिक आरोग्याची सेवा आणि समुपदेशन असले पाहिजे असे सांगतो, आणि मनाने आजारी किंवा व्यसनाधीन मुलाला उपचाराच्या ठिकाणी हलविण्याची तरतूदही करतो. तेव्हा नियमांची वाण नाही. वाण आहे ती नियमामागच्या नैतिक जाणिवेची, आणि ती कायद्याच्या पुस्तकातून यावयाची नाही. म्हणून आम्ही वाचकांस आपल्या मराठी मुलखाबाहेरच्या एका मराठी गावी, माळव्यातील धार येथे, घेऊन जातो.

धारच्या किल्ल्यात १० जानेवारी १७७५ रोजी आनंदीबाईंना मुलगा झाला. तोच पुढे दुसरा बाजीराव. बाप रघुनाथराव परागंदा, आई पवारांच्या आश्रयाला, अशा अवस्थेत हा जीव जन्मला. १७८३ साली रघुनाथराव वारले तेव्हा मूल जेमतेम नऊ वर्षांचे होते. तेव्हापासून कोपरगाव, मग नाशिकजवळ आनंदवल्ली, शेवटी शिवनेरीचा किल्ला, असा सुमारे बारा वर्षांचा काळ बाजीराव पहाऱ्यात वाढला. त्याने अपराध कोणता केला होता? रघुनाथरावाच्या पोटी जन्म घेतला, एवढाच. कारभाऱ्यांच्या दृष्टीने त्या पहाऱ्याला राजकीय कारण होते आणि ते खोटे होते असेही आम्ही म्हणत नाही. परंतु इतक्या वर्षांत त्या मुलाच्या हालचालींची, भेटीगाठींची, पत्रांची पाळत राहिली. त्याच्या मनाची विचारपूस हे मात्र कोणाचेच काम नव्हते.

त्याच काळात पुण्यास शनिवारवाड्यात दुसरा एक तरुण होता. सवाई माधवराव गादीवर होता. तथापि त्याच्याभोवतीही पहारा होताच. ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदविले आहे की, शिवनेरीवरून बाजीरावाने त्याला गुप्तपणे निरोप धाडला. आपण दोघेही बंदीच, तुम्ही पुण्यात आणि आम्ही येथे, असा त्याचा आशय होता. हा व्यवहार उघडकीस आला, तेव्हा एकाला कठोर शब्द ऐकावे लागले आणि दुसऱ्याचा पहारा अधिक कडक झाला. दोन तरुण मने एकमेकांना शोधीत होती, यापेक्षा त्यांनी नियम मोडला ही गोष्ट मोठी ठरली. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून खाली पडला आणि एकविसाव्या वर्षी गेला. तो अपघात की आत्मघात, याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. पुढच्याच वर्षी शिवनेरीवरचा बंदी पेशवा झाला. त्याचा संशयी स्वभाव, विठोजी होळकराला त्याने १८०१ साली दिलेला क्रूर मृत्यू, १८०२ चा वसईचा तह, १८१८ ची शरणागती, हे सर्व वाचकांना ठाऊक आहे. या सगळ्याचे मूळ बालपणीच्या नजरकैदेत आहे असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एका कारणाने राज्ये बुडत नसतात. आमचे म्हणणे इतकेच की, ज्यांनी त्या मुलावर बारा वर्षे दार लावून ठेवले, त्यांना त्याच्या मनात काय वाढते आहे हे कळून घेण्याचे एक साधे कर्तव्य होते, आणि ते त्यांच्या ध्यानीमनीही आले नाही. हिशेबात चोख असलेल्या त्या राज्यात ही एकच बाब कोणत्याही वहीत नव्हती.

याच धारानगरीची दुसरी एक कथा आहे. ती इतिहास नव्हे. बल्लाळाच्या भोजप्रबंधात आलेली आख्यायिका आहे. पोर वयाचा पुतण्या भोज पुढे राज्य करणार, असे भविष्य ऐकून मुंजाचे मन फिरले आणि मुलाला अरण्यात नेऊन मारण्याची आज्ञा त्याने वत्सराजाला दिली. मारावयास गेलेल्या वत्सराजाचे मन द्रवले. त्याने मुलाला लपविले आणि बनावट शिर राजाला आणून दाखविले. तेव्हा मुंजाने एक प्रश्न विचारला: शेवटच्या क्षणी पोर काय म्हणाले? वत्सराजाने भोजाने पानावर लिहून दिलेला श्लोक पुढे केला. मोठमोठे राजे गेले, पृथ्वी कोणाबरोबर गेली नाही, तुमच्याबरोबर मात्र ती येईल असे दिसते, असा त्याचा भाव. तो वाचताच मुंज कोसळला आणि प्रायश्चित्त म्हणून अग्निप्रवेशाला निघाला. मूल जिवंत होते म्हणून सर्वच निभावले.

या कथेतील मुंजाचा प्रश्न आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या मनात काय होते, हे त्याने विचारले खरे. पण शिर पुढ्यात आल्यावर विचारले. आजही एखाद्या बंद खोलीत मुलाने जिवाचे बरेवाईट करून घेतल्यावर, त्याच्या मनात काय होते, याची चौकशी नेमली जाते. मुंजाला वत्सराज भेटला. प्रत्येक मुलाच्या नशिबी वत्सराज नसतो. म्हणून तो प्रश्न पहिल्या रात्री विचारला पाहिजे. आणि कथेत आणखी एक गोष्ट आहे. उत्तर ऐकल्यावर बांधला गेला तो विचारणारा. भोजाच्या श्लोकाचा उपयोग भोजाविरुद्ध पुरावा म्हणून झाला नाही. तो राजाच्याच अंगावर येऊन पडला.

आपल्या देवस्थानांतून कौल घेण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात हेच तत्त्व आहे. देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडो की डावीकडून, कौल मागणारा त्या उत्तराने बांधला जातो. आपल्याला हवे तेच करावयाचे असे आधी ठरवून कौल लावणे, याला आपण देवाची थट्टा म्हणतो. मुलाच्या मनाला प्रश्न विचारणे हेही कौल घेण्यासारखेच आहे, अशी आमची धारणा आहे. ज्याने दार लावले, त्याने विचारलेच पाहिजे. कारण कोंडलेल्या मुलाला आईकडे, मित्राकडे, देवळाच्या पायरीकडे जाण्याची वाट आपणच बंद केलेली असते. तथापि विचारल्यानंतर त्या उत्तराचे बंधन पडावयाचे ते विचारणाऱ्यावर. 'मला झोप लागत नाही' असे मुलाने सांगितले, तर त्याला वैद्याकडे नेण्याचे ऋण आपल्यावर चढले. 'मला मरावेसे वाटते' असे सांगितले, तर त्या रात्री जागण्याचे ऋण चढले. उत्तर कागदावर लिहून कागद कपाटात ठेवावयाचा असेल, तर न विचारणे अधिक प्रामाणिक. कारण एकदा बोलून व्यर्थ गेलेले मूल पुन्हा सहसा बोलत नाही.

या ठिकाणी एक खरी अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. २०१५ च्या कायद्यात पंधरावे कलम आहे. ज्या अपराधाला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, अशा घोर अपराधाचा आरोप सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर असेल, तर मंडळाने त्याचे प्राथमिक मूल्यमापन करावयाचे: अपराध करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता त्याला होती काय, परिणाम समजण्याची बुद्धी होती काय, आणि परिस्थिती कोणती होती. त्यावरून त्याचा खटला मोठ्या माणसाप्रमाणे चालावा काय, हे ठरू शकते. १३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हे काम किती नाजूक आहे ते सांगून, मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल तर अनुभवी मानसतज्ज्ञांचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे ठरविले. निकाल स्वागतार्ह आहे. परंतु मुलाच्या बाजूने पाहा. त्याच इमारतीत, तशाच टेबलापलीकडे बसलेला माणूस एके दिवशी त्याला विचारतो, तुला राग अनावर होतो काय? दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस त्याच्या मनाची क्षमता मोजतो. पहिला प्रश्न उपचारासाठी आणि दुसरा निवाड्यासाठी, हा भेद मोठ्यांना समजतो; सोळा वर्षांच्या घाबरलेल्या पोराला तो कसा समजावा? उपचारासाठी दिलेले उत्तर निवाड्याच्या वहीत उतरले, तर आपण पुन्हा मांडव्याच्या शिपायांच्या पंक्तीला जाऊन बसलो. बाल न्यायाचे अहवाल गोपनीय मानावेत आणि मुलाचे खाजगीपण जपावे, हा आपल्या कायद्याचा आग्रह आहेच. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने २००८ साली आणखी स्पष्ट रेघ ओढली: अशा तपासणीत मुलाने जे सांगितले, ते अपराध सिद्ध करण्यासाठी त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. ही रेघ आपल्याकडेही प्रत्येक निरीक्षणगृहात दिसली पाहिजे. दोन प्रश्न, दोन माणसे, दोन वह्या. आणि ही गोष्ट मुलाला आरंभीच, त्याला समजेल अशा शब्दांत सांगितली पाहिजे.

दोन वह्यांची ही गोष्ट लिहिताना धारच्या शेजारचे देवास आठवल्यावाचून राहत नाही. तेथे पवारांच्या दोन गाद्या एकाच गावात नांदल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन दरबार, दोन कारभार. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत ही व्यवस्था चालली. आपले हे मूलही असेच दोन सत्तांच्या सीमेवर उभे आहे. एकीचे नाव न्याय, दुसरीचे वैद्यक. न्याय म्हणतो, तो आजारी असेल तर वैद्याने पाहावे. वैद्यक म्हणते, तो कोठडीतला आहे, त्याचे न्यायालय पाहील. दोन्ही सत्ता वेगळ्या असाव्यात, हे आम्ही वरच सांगितले. परंतु वेगळेपणाचा अर्थ मूल मधल्या रस्त्यावर सोडून देणे असा होऊ नये.

त्याच देवासात १९४८ साली एक तरुण गवई क्षयरोगाने जर्जर होऊन विश्रांतीसाठी आला. कुमार गंधर्वांचे वय तेव्हा चोवीसच्या आत होते. गाणे वर्ज्य झाले, अंथरूण सुटेना. अशी वर्षे त्यांनी काढली, पत्नी भानुमतींनी शुश्रूषा केली, आणि माळव्याची लोकगीते कानी घेत तो गळा पुन्हा उमलला. त्या काळी क्षयालाही लोक भीत, घरे वाळीत टाकीत. तरीसुद्धा, छातीची तपासणी करण्यापूर्वी रोगी त्या तपासणीला लायक आहे काय, असा प्रश्न कोणा वैद्याने विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. फुप्फुसाला डाग पडला तर तो डाग; मनाला पडला तर मात्र ते कलंक, नाटक किंवा मागील जन्मीचे पाप, हा भेद आपण कोठून आणला?

आणखी एक मुद्दा धारचाच. २०११ च्या जनगणनेप्रमाणे धार जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. भिली, भिलाली या त्यांच्या बोली. तेथील एखाद्या पाड्यावरचे पोर शहरातल्या निरीक्षणगृहात आले आणि त्याला पुस्तकी हिंदीत 'अवसाद' आहे काय असे विचारले, तर ते मान हलवील किंवा गप्प बसेल. आणि कागदावर 'सर्व ठीक' अशी नोंद होईल. आमच्या या नियतकालिकाचे वाचक दोन भाषांत जगतात. त्यांना हे समजावून सांगावयास नको. मराठीत आपण हिशेब करू, भाषण करू; पण गोव्यातली आई लेकराचा उतरलेला चेहरा पाहून "कितें जालें रे पुता?" असे विचारते, तेव्हा जे दार उघडते ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेने उघडत नाही. दुःखाची भाषा ही घरची भाषा असते. ती भाषा जाणणारा माणूस निरीक्षणगृहात नसेल, तर तेथील तपासणी म्हणजे बहिऱ्याने घेतलेली साक्ष होय.

आता आक्षेपांचा विचार करू. काहीजण म्हणतील, ही पोरे नाटकी असतात. शिक्षा चुकविण्यासाठी वेडाचे सोंग आणतील. काही आणतीलही. म्हणूनच प्राथमिक तपासणीने निदान ठरत नाही. तिच्यापुढे जाणत्या वैद्याची पायरी असते. शिवाय उपचारासाठी दिलेल्या उत्तराने खटल्यात नफा नाही आणि तोटाही नाही असे एकदा ठरले, की सोंगाचे प्रयोजनच उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोंडलेले मूल दुःखी असावयाचेच. त्या दुःखाला रोगाचे नाव देऊन गोळ्यांनी त्याला गप्प करणे, ही तपासणी की सोय? हा धोका खरा आहे. ज्या मुलाला आईची भेट हवी आहे त्याला झोपेचे औषध देणे, हा उपचार नव्हे. म्हणूनच आम्ही म्हणतो की उत्तराने विचारणारा बांधला गेला पाहिजे. उत्तरात भेट मागितली असेल तर भेट घडवावी, खोलीत मार बसत असेल तर मार थांबवावा. औषध लागेल तेथेच औषध.

तिसरा आक्षेप हृदयातून येतो, आणि त्याला वादाने उत्तर देणे कठीण आहे. ज्यांची माणसे गेली, त्यांचे काय? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यास कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत होता असा आरोप आला, आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती हे कळताच सारा महाराष्ट्र खवळला. तो संताप अन्याय्य होता, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या घरी दिवा विझला त्यांना, मुलाचे मन तपासा, हे शब्द थट्टेसारखे वाटले तर नवल नाही. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. मनाची विचारपूस म्हणजे क्षमा नव्हे आणि सवलतही नव्हे. निवाडा आपल्या मार्गाने चालावा, कठोर असेल तर कठोर चालावा. विचारपूस यासाठी की, निवाडा होईपर्यंत आणि निवाडा झाल्यावरही ते मूल आपल्या ताब्यात आहे. आणि आपल्या ताब्यातल्या जिवाला जपणे हे त्याच्या पुण्याईवर अवलंबून नसते. ज्याला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप व्हावा असे आपल्याला वाटते, त्याचे मन निदान जिवंत तरी राहिले पाहिजे. मृत मनाला पश्चात्ताप होत नाही.

शेवटी एक आमचीच कबुली. आमच्या परिचयाच्या एका घरातील मुलगा काही आठवडे अशा गृहात राहून आला. आरोप पुढे टिकला नाही. त्या वर्षी उत्सवाच्या रात्री पालखीला खांदा देण्यासाठी तो नेहमीप्रमाणे पुढे आला. कोणी त्याला अडविले नाही. पण दांडीवर त्याच्यासाठी जागाही कोणी केली नाही. आम्ही तेथेच उभे होतो, आणि आम्ही दिवटीकडे पाहत राहिलो. तो थोडा वेळ थांबला आणि सभामंडपाच्या खांबाशी जाऊन बसला. पुढे त्याच्या आईकडून कळले की घरी परतल्यापासून तो रात्रभर दिवा लावून जागतो. आत असताना त्याला कोणी विचारले नाही, याचा राग आम्हांला आला. मागाहून मनात आले की, बाहेर आल्यावर तरी आम्ही कोठे विचारले? आतल्यांपाशी निदान कामाच्या गर्दीची सबब असेल. आम्ही तर देवाच्या अंगणात रिकाम्या हातांनी उभे होतो.

म्हणून सरकारने तपासणी करावी, तज्ज्ञ नेमावेत, वह्या वेगळ्या ठेवाव्यात, हे सारे लिहीत असता आपल्या वाट्याचे ऋण आम्ही विसरू इच्छीत नाही. मुलगा आत असेल तर त्याच्या आईबापांना भेटीचा खर्च नसतो, वाट माहीत नसते. देवस्थानच्या निधीतून एवढे सहज होण्यासारखे आहे. मुलगा परत आल्यावर त्याचे नाव चव्हाट्यावर येऊ न देणे, हे कायद्याने सांगितलेले आहेच. ते आपल्या ओसरीवरही पाळता येते. ज्या घरात कोणी रात्री जागते, त्या घराला हे तरी सांगावे की मनाच्या दुखण्यासाठी 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा २०२२ पासून सुरू आहे आणि १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आणि सर्वांत आधी त्या मुलाजवळ जाऊन बसावे. त्याने काय केले हे विचारू नये. त्यासाठी मंडळ आहे. कसा आहेस, जेवलास काय, झोप लागते काय, एवढेच विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.

ते मूल कदाचित काही बोलणार नाही. मांडव्यही बोलला नव्हता. त्या मौनाचा अर्थ शिपायांनी घाईने लावला आणि त्यापायी प्रत्यक्ष धर्माला पृथ्वीवर जन्म घ्यावा लागला. आपण घाई करू नये. येत्या उत्सवात पालखी उचलताना दांडीवर एका खांद्यापुरती जागा मोकळी ठेवून पाहावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे; आणि हे प्रथम आम्ही स्वतःलाच सांगत आहोत.